जन्माची घटिका आणि तकदीरचा लेख



निकाहाचा विषय निघाला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील कितीतरी मुस्लिम घरांत एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. मुलगा कमावता आहे, घराणे चांगले आहे, देण्याघेण्याचा आग्रह नाही, मुलीची मर्जीही आहे. सर्व काही जुळते. आणि मग दादी किंवा फूफी हळूच म्हणते, “एवढे केलेच आहे, तर सितारा मिळतो का तेही पाहून घ्या.” मशिदीच्या इमामाकडे ही मागणी येते तेव्हा ती अगदी निरागसपणे येते. मागणाऱ्याला आपण काही वावगे मागत आहोत असे वाटतच नाही. शेजारी पत्रिका जुळवतात, आपण सितारा जुळवतो, इतकाच काय तो फरक, अशी त्याची समजूत असते. कागदावर अरबी अक्षरे असली आणि माथ्यावर ७८६ हा आकडा असला की आतला मजकूर आपोआप इस्लामी होतो, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत.

तेव्हा हा सितारा निघतो कसा, ते आधी पाहू. आमिल मुलाचे नाव विचारतो, त्याच्या आईचे नाव विचारतो. अबजदच्या पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला एक अंक ठरलेला आहे. दोन्ही नावांच्या अक्षरांचे अंक मिळवायचे, बेरजेला बाराने भागायचे, आणि जी बाकी उरेल तितक्या क्रमांकाचा बुर्ज, म्हणजे रास, त्या मुलाची. उदाहरणच घ्या. ‘मुहम्मद’ या नावाचे अंक ९२ होतात आणि ‘फातिमा’ या नावाचे १३५. बेरीज २२७. बाराने भागल्यास बाकी ११ उरते. अकरावा बुर्ज ‘दल्व’, मराठीत कुंभ. म्हणजे बुलढाण्यापासून मोरोक्कोपर्यंत ज्या ज्या मुहम्मदच्या आईचे नाव फातिमा आहे, त्या सर्वांचा सितारा एक, स्वभाव एक, नशीब एक! अशा माणसांची संख्या किती असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. आणि आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. या संपूर्ण हिशेबात आकाशाकडे कोणी मान वर करून पाहिलेलेसुद्धा नाही. नाव ‘सिताऱ्याचे’, आणि काम शाळेतल्या भागाकाराचे.

ज्यांच्याकडे जन्माची तारीख आणि वेळ असते ते याहून पुढे जातात. इस्पितळाच्या कागदावरची वेळ मोबाइलमध्ये भरली की क्षणात भविष्य हाती येते. येथे मात्र आपल्या वडिलधाऱ्यांची पंचाईत होते. आपल्या गावांतील साठी ओलांडलेल्या माणसांची आधारकार्डे पाहा, कितीकांचा जन्म १ जूनचा! त्या पिढीतील एवढी मुले एकाच दिवशी जन्मली नव्हती. शाळेत नाव घालताना आईला तारीख सांगता आली नाही आणि गुरुजींनी आपल्या सोयीने १ जून लिहिली. ग्रहांनी आता कोणाचे ऐकायचे, आकाशाचे की गुरुजींचे?

ही खोड केवळ आपल्या देशाची नाही. चीनमध्ये जन्मवेळेवरून भविष्य सांगण्याची फार जुनी पद्धत आहे. तेथे वर्षांना बारा प्राण्यांची नावे आहेत. उंदीर, बैल, वाघ, ससा अशा क्रमाने ती डुकरापर्यंत येतात आणि पुन्हा उंदरापासून सुरू होतात. त्यांच्या जोडीला लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी ही पाच तत्त्वे. दोहोंच्या मेळातून साठ वर्षांचे चक्र बनते. आपल्याकडील पंचांगात जशी साठ संवत्सरे, तसाच हा प्रकार. जन्माचे वर्ष, महिना, दिवस आणि प्रहर हे चार खांब मानायचे, प्रत्येकासाठी दोन चिन्हे लिहायची, आणि त्या आठ चिन्हांवरून माणसाचे लग्न, धंदा, आजार, मृत्यू सर्व काही वाचायचे. गणित केले तर अशा कुंडल्या एकूण ५ लाख १८ हजार ४०० एवढ्याच होऊ शकतात. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या पुढे गेली आहे. म्हणजे एकेका कुंडलीत सरासरी पंधरा हजारांवर माणसे कोंबावी लागतात. त्यांत कोणी राजवाड्यात असेल, कोणी वीटभट्टीवर.

हे सर्व निरुपद्रवी करमणूक असते तर त्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. पण पाहा काय होते. या साठ वर्षांच्या चक्रात एक वर्ष ‘अग्नि-अश्वाचे’ येते. चिनी कालगणना जपानमध्येही गेली आणि तेथे अशी समजूत रुजली की या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याचे वाटोळे करते. १९०६ साली जन्मलेल्या मुलींना लग्नाच्या वयात याचा जाच सोसावा लागला. मग १९६६ साल आले. तोपर्यंत जपान रेल्वे, कारखाने आणि विद्यापीठांचा देश झाला होता. तरीही काय घडले? १९६५ साली तेथे सुमारे १८ लाख २३ हजार मुले जन्मली होती. १९६६ साली हा आकडा १३ लाख ६० हजारांवर आला, आणि १९६७ साली पुन्हा १९ लाख ३५ हजारांवर गेला. लाखो आईबापांनी त्या एका वर्षात मूल होऊच दिले नाही. कारण काय, तर कदाचित मुलगी होईल, आणि त्या मुलीला कोणी करून घेणार नाही.

तेच अग्नि-अश्वाचे वर्ष यंदा फेब्रुवारीत, रमजानच्या तोंडावर, पुन्हा सुरू झाले आहे.

जपान दूर आहे असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपल्या मराठीत ‘मंगळाची मुलगी’ आहे, ‘पांढऱ्या पायाची’ सून आहे. आपल्या घरांतील बोलीत तिलाच ‘मनहूस कदम’ म्हणतात. ती घरात आली आणि सासरा आजारी पडला, ती जन्मली आणि त्याच वर्षी बापाचा धंदा बसला, दोष तिचा. मुलाच्या बाबतीत असे फारसे ऐकू येत नाही. पाय पांढरे असतात ते मुलींचेच.

एका तालुक्याच्या गावी घडलेली गोष्ट सांगतो. पसंती झाली होती, साखर वाटून झाली होती. वरपक्षाने कोणा आमिलाकडून सितारा काढून आणला. मुलाचा सितारा ‘आबी’ निघाला आणि मुलीचा ‘आतिशी’. पाणी आणि आग एका घरात नांदणार नाहीत, असा निर्णय त्याने दिला, आणि वर उपायही सांगितला: मुलीचे नाव बदला, म्हणजे सितारा बदलेल. मुलीच्या वडिलांनी नाव बदलायला नकार दिला. नाव त्यांच्या मरहूम आईचे होते. नाते मोडले. मी त्या घरी गेलो तेव्हा मुलगी बारावीची परीक्षा होऊन गेलेल्या आपल्या धाकट्या भावाची पुस्तके आवरत होती. ती एवढेच म्हणाली, “मौलाना, मी केले काय?”

दिव्य कुरआनच्या सूरह तकवीरमध्ये कयामतच्या दिवसाचे वर्णन आले आहे. सूर्य गुंडाळला जाईल, तारे निखळतील, आणि त्या हलकल्लोळात जिवंत पुरलेल्या मुलीला विचारले जाईल की तिला कोणत्या गुन्ह्यासाठी मारले गेले. ज्या ताऱ्यांच्या नावाने आपण मुलीला दोषी ठरवतो, ते तारे त्या दिवशी विझलेले असतील आणि प्रश्न मात्र शिल्लक असेल. आपण मुलींना मातीत पुरत नाही, ही अल्लाहची कृपा आहे. परंतु एखाद्या मुलीला वयाच्या पंचविशीपर्यंत ‘हिचा सितारा जड आहे’ या चार शब्दांखाली दाबून ठेवणे हे त्याच रस्त्यावरचे पाऊल नाही काय? भविष्यकथनाविरुद्ध आपण बोलतो तेव्हा बहुधा अकिद्याविषयी, म्हणजे श्रद्धेविषयी, बोलतो आणि ते योग्यच आहे. पण यात हुकूकुल-इबाद, म्हणजे माणसांचे हक्कही पायदळी तुडवले जातात, हे आपण पुरेसे सांगत नाही. अल्लाहचा हक्क तौबेने माफ होईल. त्या मुलीचा हक्क तिने माफ केल्याशिवाय होणार नाही.

आता या मापाने जगातील सर्वांत थोर जन्म मोजून पाहा. एक बालक मक्केत जन्माला येते. त्याच्या जन्मापूर्वीच वडील वारलेले. सहा वर्षांचे होते तोच आई प्रवासात निवर्तते. आठ वर्षांचे होते आणि आजोबांचे छत्र हरपते. आपल्या मोहल्ल्यातील एखादी म्हातारी अशा पोराविषयी काय म्हणाली असती? “जन्मताच बापाला खाल्ले.” दूध पाजणाऱ्या दायांनीही, यतीमाच्या घरून काय मिळणार, या विचाराने त्या बाळाकडे पाठ फिरवली होती. हजरत हलीमा (रजि.) यांनी त्याला घेतले, तेही दुसरे मूल मिळाले नाही म्हणून. आणि सीरतच्या ग्रंथांत आपण वाचतो की त्यांच्या दुबळ्या जनावरांना दूध फुटले, त्यांच्या घरात बरकत आली. ते बालक म्हणजे सर्व जगांसाठी रहमत बनून आलेले अल्लाहचे अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.). त्यांच्या जन्माच्या तारखेविषयी इतिहासकारांत एकमत नाही. कोणी ९ रबीउल-अव्वल म्हणतात, कोणी १२. ज्या धर्माने वुजूमधील पाण्याचाही हिशेब शिकवला, त्याने आपल्या प्रेषिताची जन्मघटिका जपून ठेवण्याची गरज मानली नाही. कारण त्या घटिकेवर काही अवलंबूनच नव्हते. दिवस मात्र ठाऊक आहे, सोमवार. प्रेषित (स.) सोमवारी रोजा ठेवत आणि विचारल्यावर सांगत की या दिवशी माझा जन्म झाला आणि याच दिवशी माझ्यावर वह्य उतरली. म्हणजे जन्मदिवसाशी त्यांनी शुक्र जोडला. भविष्य जोडले नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘मौलाना, तकदीरवर तर आमचे ईमान आहे. जे लिहिलेले आहे ते कोणी वाचले तर बिघडले काय?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे थांबून त्याकडे पाहू. बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहांत हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आहे. मूल आईच्या पोटात चार महिन्यांचे होते तेव्हा फरिश्ता पाठवला जातो आणि त्याची रोजी, त्याचे आयुष्य, त्याचे कर्म आणि त्याचे भाग्यवान वा दुर्दैवी असणे लिहिले जाते. काळ नीट पाहा. लेख आईच्या पोटात लिहिला जातो, म्हणजे प्रसूतीच्या कित्येक महिने आधी. दुसऱ्या एका हदीसनुसार तर सृष्टीच्या निर्मितीपूर्वी पन्नास हजार वर्षे सर्वांची तकदीर लिहून झालेली आहे. मग मूल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आले की सकाळी सात वाजता, या घटिकेने त्यात काय भर पडणार? शहरांतून आता मुहूर्त पाहून सिझेरियन करवून घेण्याचा प्रकारही चालतो. म्हणजे नशीब लिहिण्याचे काम अखेर शस्त्रक्रियेच्या वेळापत्रकावर येऊन पडले!

आणि तो लेख वाचण्याची परवानगी कोणालाच दिलेली नाही. सूरह लुकमानच्या शेवटच्या आयतीत पाच गोष्टी सांगितल्या आहेत, ज्यांचे ज्ञान अल्लाहकडेच आहे: कयामतची वेळ, पावसाचे उतरणे, गर्भात काय आहे ते, उद्या माणूस काय कमावील ते, आणि तो कोणत्या भूमीत मरेल ते. सूरह आराफमध्ये तर खुद्द प्रेषितांना (स.) जाहीर करायला सांगितले आहे की मला परोक्षाचे ज्ञान असते तर मी आपल्यासाठी पुष्कळ भले गोळा करून घेतले असते आणि मला कसलीही इजा पोहोचली नसती. प्रेषितांनी (स.) हे किती काटेकोरपणे पाळले पाहा. हजरत रुबय्यि बिन्त मुअव्विज (रजि.) यांच्या लग्नघरी मुली दफ वाजवून गात होत्या. गाता गाता एकीने म्हटले की आमच्यात असा नबी आहे जो उद्याचे जाणतो. लग्नाचा आनंद होता, गाणाऱ्या लहान मुली होत्या, हेतू स्तुतीचा होता. तरीही प्रेषितांनी (स.) तिला तेथेच थांबवले आणि म्हटले की हे सोड, आधी जे गात होतीस तेच गा. जे शब्द त्यांनी स्वतःविषयी लग्नाच्या गाण्यातही चालू दिले नाहीत, ते आपण शुक्रवारी बाजारात बसणाऱ्या आमिलाविषयी बोलतो.

पावसाचा उल्लेख आला आहे, तर आपल्या जिल्ह्यातील एका प्रथेविषयी बोलले पाहिजे. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी सर्वांना ठाऊक आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात वर्तुळ आखून अठरा प्रकारची धान्ये मांडली जातात. मध्ये खड्डा करून चार ढेकळांवर पाण्याची घागर ठेवतात. ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी असे पदार्थ आणि खाली पान-सुपारी. रात्री तेथे कोणी थांबत नाही. सकाळी त्यात काय हलले, काय ओले झाले ते पाहून पीक, पाऊस, संकटे आणि राज्यकारभार यांविषयी भाकीत सांगितले जाते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ही प्रथा सुरू केली असे सांगतात, आणि त्यांच्याच वंशजांकडे ती चालत आली आहे. ही आपल्या शेजाऱ्यांची श्रद्धा आहे. तिची टवाळी करणे आपले काम नव्हे. इतरांच्या आराध्यांना दूषणे देऊ नका, असा कुरआनचा स्पष्ट आदेश आहे. माझा प्रश्न आपल्या लोकांना आहे. दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र हाती घेऊन ‘यंदा जूनमध्ये पाऊस कमी सांगितला आहे, सोयाबीन मागे ठेवू’ असे म्हणणारे कितीतरी मुस्लिम शेतकरी मी पाहिले आहेत.

हुदैबियाच्या मुक्कामी रात्री पाऊस पडला. सकाळी फज्रच्या नमाजनंतर प्रेषितांनी (स.) सहाबांना सांगितले की अल्लाह म्हणतो, आज माझ्या दासांपैकी काही श्रद्धावंत म्हणून उठले आणि काही नाकारणारे म्हणून. ज्याने म्हटले की अल्लाहच्या कृपेने पाऊस झाला, तो माझ्यावर ईमान ठेवणारा आणि ताऱ्याला नाकारणारा. आणि ज्याने म्हटले की अमुक ताऱ्यामुळे पाऊस झाला, तो ताऱ्यावर ईमान ठेवणारा आणि मला नाकारणारा. येथे एक खुलासा आवश्यक आहे, नाहीतर आपली बोलीच धोक्यात यायची. ‘मृगाचा पाऊस’, ‘आर्द्रात पेरणी’ हे शब्द आपण काळ दाखवण्यासाठी वापरतो, जसे ‘जूनचा पाऊस’. इमाम शाफई (रह.) यांनी हा भेद सांगितला आहे की वेळ सांगण्यासाठी असे बोलल्यास ते कुफ्र नाही. पाऊस मृगात येतो. मृग तो आणत नाही.

हवामान खात्याचा अंदाज, ग्रहणाचे गणित, मशिदीतील नमाजच्या वेळांचा तक्ता हा गैबचा दावा नव्हे. वारे, दाब, चंद्र-सूर्याची गती ही अल्लाहने ठरवून दिलेली कारणे आहेत आणि सूरह यूनुसमध्ये त्यानेच सांगितले आहे की चंद्राचे टप्पे वर्षांची गणती आणि हिशेब कळावा म्हणून नेमले आहेत. तो अंदाज चुकला तर खाते उद्या दुसरा देते. कोणाचे ईमान त्यात अडकत नाही. मृग लागायला आता फार दिवस नाहीत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. ओल किती गेली ते पाहण्यासाठी जमीन उकरावी लागते, घागर नव्हे.

आकाशातून खरोखर काही पडले असेल तर तेही आपल्याच जिल्ह्यात. लोणारचे सरोवर हे उल्केच्या आघाताने काळ्या कातळात झालेले विवर आहे, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. आकाशातील वस्तूचा पृथ्वीवर परिणाम कसा होतो, हे पाहायचे तर तेथे जाऊन पाहावे. तो दगड कोणाची रास विचारून आला नव्हता. जून २०२० मध्ये याच सरोवराचे पाणी गुलाबी झाले. कोरोनाचे दिवस होते, आणि भ्यालेल्या मनाला शकुन-अपशकुन चिकटायला वेळ लागत नाही. मला फोन करून हे कयामतचे चिन्ह आहे का असे विचारणारे लोक होते. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांचा असल्याचे सांगितले. पाणी आटले, खारटपणा वाढला, जीव वाढले.

त्या फोनच्या वेळी मला मदीनेतील तो दिवस आठवत होता. प्रेषितांचे (स.) चिमुकले पुत्र इब्राहीम वारले आणि त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक आपसात बोलू लागले की इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्यही काळवंडला. विचार करा, एखाद्या ढोंगी माणसाला यापेक्षा मोठी संधी कोणती मिळाली असती? काही बोलायचीही गरज नव्हती, नुसते गप्प बसले असते तरी पुरे होते. पण ज्यांच्या डोळ्यांतले पाणी अजून सुकले नव्हते, ते उठून उभे राहिले आणि लोकांना सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या दोन निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. प्रेषितपुत्राच्या मृत्यूशी ज्या सूर्याचे नाते नाही, त्याचे नाते खामगावच्या दुकानाशी आणि मेहकरच्या स्थळाशी जोडणारे आपण कोण?

काही सुशिक्षित मंडळी कुरआनचाच आधार काढतात. सूरह बुरूजमध्ये ‘बुर्ज’ असलेल्या आकाशाची शपथ आहे, ना! होय, आहे. पण शपथ आकाशाची आहे, राशिभविष्याची नाही. सूरह नज्ममध्ये अल्लाहने स्वतःला ‘शिअरा’ नावाच्या ताऱ्याचा पालनकर्ता म्हटले, ते अरबांतील काही लोक त्या ताऱ्याला पूजत होते म्हणून. आद जमातीवर अजाब आला ते दिवस कुरआनने ‘नहस’ म्हटले आहेत, पण ते त्या जमातीसाठी, त्यांच्या कर्मांमुळे. दिवस मनहूस असता तर हजरत हूद (अ.) आणि त्यांचे सोबती त्याच दिवसांत वाचले नसते.

‘पण काही वेळा खरे निघते,’ हा शेवटचा बचाव. हजरत आयशा (रजि.) सांगतात की काहिनांविषयी हाच प्रश्न प्रेषितांना (स.) विचारला गेला होता. त्यांनी उत्तर दिले की ते एक खरा शब्द जिन्नाकडून मिळवतात आणि त्यात शंभर खोट्या गोष्टी मिसळतात. शंभर विसरल्या जातात आणि एक लक्षात राहते, हा माणसाचा स्वभाव आहे. भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन नुसते विचारणाऱ्याची चाळीस दिवसांची नमाज कबूल होत नाही, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. ‘आम्ही मानत नाही, गंमत म्हणून विचारतो,’ असे म्हणणाऱ्या तरुणांनी आणि मोबाइलवर रोजची रास वाचणाऱ्यांनी ही हदीस पुन्हा एकदा वाचावी. दुकानाच्या गल्ल्यावर ठेवलेला तीन पायांचा बेडूक आणि हसणारा पुतळाही याच हिशेबात येतो.

मग नाते जोडताना पाहायचे काय? हजरत फातिमा बिन्त कैस (रजि.) यांना दोन स्थळे आली, हजरत मुआविया आणि हजरत अबू जहम (रजि.) यांची. त्या सल्ला विचारायला प्रेषितांकडे (स.) आल्या. उत्तर किती रोखठोक आहे पाहा: अबू जहम खांद्यावरची काठी खाली ठेवत नाही, मुआविया निर्धन आहे, तू उसामाशी निकाह कर. एकाचा हात, दुसऱ्याचा खिसा, तिसऱ्याचे दीन आणि चारित्र्य. उसामा हे मुक्त केलेल्या गुलामाचे पुत्र होते. फातिमांना (रजि.) आधी हे रुचले नाही, पण त्यांनी ऐकले, आणि पुढे त्या सांगत की अल्लाहने त्यात एवढे भले ठेवले की इतर स्त्रियांना माझा हेवा वाटे. आपणही हेच विचारावे. मुलगा कामावर टिकतो का, दारू-मटक्याची सवय आहे का, कर्ज किती आहे, आईशी आणि बहिणीशी कसा बोलतो, शेजाऱ्यांचे मत काय, दोघांच्या रक्ताची तपासणी झाली का. अशी चौकशी करायला संकोच वाटतो आणि सितारा विचारायला वाटत नाही, ही आपली गत आहे. चौकशीनंतर मशवरा आणि इस्तिखारा. प्रेषित (स.) सहाबांना इस्तिखारा कुरआनच्या सूरहप्रमाणे शिकवत असत, असे हजरत जाबिर (रजि.) सांगतात. दोन रकअत नमाज आणि दुआ. त्यासाठी स्वप्न पडणे जरुरीचे नाही, हिरवा-लाल रंग दिसणे जरुरीचे नाही, आणि पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेण्याची तर मुळीच गरज नाही. ज्याचे लग्न आहे त्याने आणि तिने स्वतः करावा.

राहिला दिवसाचा प्रश्न. जंत्रीमध्ये ‘कमर दर अकरब’चे दिवस छापलेले असतात, चंद्र वृश्चिकात असताना निकाह नको म्हणून. सफर महिन्याच्या पहिल्या तेरा दिवसांना आपल्याकडे ‘तेरा तेजी’ म्हणतात आणि त्या काळात शुभकार्य टाळतात. सफरमध्ये काहीही अशुभ नाही, हे प्रेषितांनी (स.) नाव घेऊन सांगितले आहे. इस्लामपूर्व अरब शव्वाल महिन्यात लग्न टाळीत. हजरत आयशा (रजि.) मोठ्या अभिमानाने सांगत की माझा निकाह शव्वालमध्ये झाला आणि पाठवणीही शव्वालमध्ये झाली, आणि प्रेषितांच्या (स.) पत्नींत माझ्याहून अधिक भाग्याची कोण होती? आपल्या घराण्यातील मुलींची पाठवणी शव्वालमध्येच व्हावी, असे त्यांना आवडे.

यंदा जुलैच्या मध्यास सफर सुरू होईल. ज्या घरी पसंती होऊन तारीख अडलेली आहे त्यांनी तेरावा दिवस उलटण्याची वाट पाहू नये. त्या दिवसांत कार्यालये मोकळी असतात, मंडपवाले भाव कमी करतात, आणि निकाह पढवायला मशिदीचे इमामही रिकामेच असतात.